रंग सुकतो, कागद फुगतो, तांब्या कलतो

वाचकांचे प्रश्न : चित्रकलेचं शिक्षण

या वेळच्या पत्रांत चित्रकला महाविद्यालयात जाऊ पाहणारी मुलं जास्त आहेत. काही पत्रं पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्यांचीही आहेत. बहुतेकांनी एक वाक्य लिहिलंच आहे : "माझा हातच बसत नाही." सोबत आलेली चित्रं पाहिली, तर दोष हातात क्वचितच सापडतो. तो मापात असतो, कागदात असतो, पाण्यात असतो, नाहीतर तेलात. तिथूनच उत्तरं द्यायला घेतली आहेत.

लेक बारावी विज्ञानाला आहे. तिला चित्रकलेचंच शिक्षण घ्यायचं आहे. प्रवेश कसा मिळतो आणि पुढे पोटापाण्याचं काय?
— एक वडील, जिल्हा परभणी

बारावी कोणत्याही शाखेची चालते. विज्ञान घेतलं म्हणून काही वाया गेलं नाही. पदवीचा अभ्यासक्रम बी. एफ. ए. (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स), चार वर्षांचा. पहिल्या वर्षी सगळ्यांना पायाभूत विषय असतात, त्यानंतर रंगकला, उपयोजित कला अशी वाट निवडायची. शासकीय कला महाविद्यालयांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी प्रवेश परीक्षा आहे. तिचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच सुटतात. बारावीचा निकाल लागल्यावर चौकशी करू म्हणाल, तर ते वर्ष हातचं जातं. मराठवाड्यातली बरीच हुशार मुलं इथेच मागे पडतात. या परीक्षेसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कलेचं सामान्यज्ञान, एवढ्याची तयारी हवी. टक्केवारीची अट आणि राखीव जागा त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

जवळचं म्हणाल तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय आहे. लांब पाठवायची तयारी असेल तर नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय आणि मुंबईचं १८५७ पासून चालत आलेलं सर ज. जी. (जे. जे.) कला महाविद्यालय यांचाही विचार करा. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिल्या असतील, तर वस्तुचित्र आणि भूमितीचा सराव झालेला असतो. दिल्या नसतील, तर त्या परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून घरी घड्याळ लावून सोडवायला लावा.

पोटापाण्याचं स्पष्टच सांगतो. नुसती चित्रं विकून घर चालवणारे थोडे, आणि तेही बऱ्याच वर्षांनी. पण पुस्तकांची चित्रं, कापडावरची नक्षी, नाटक-चित्रपटाचं कलादिग्दर्शन, भित्तिचित्रं, जुन्या चित्रांचं जतन, ॲनिमेशन या सगळ्याला रेखाटनाचा पक्का हात लागतो. तिला शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल, तर कला संचालनालयाची शिक्षक पदविकाही लागते. हे आधीच ठरवलेलं बरं, म्हणजे चार वर्षांनंतर पुन्हा दोन वर्षं काढावी लागली तरी धक्का बसणार नाही.

वस्तुचित्रात माझा तांब्या नेहमी कललेला दिसतो आणि खाली टेकल्यासारखा वाटतच नाही. सर म्हणतात सराव कर. रोज दोन चित्रं काढते, तरी तेच.
— एक विद्यार्थिनी, उदगीर

तू पाठवलेली तिन्ही चित्रं पाहिली. तिन्हींत दोन चुका आहेत आणि त्या रोज दोनदा केल्या की पक्क्या होत जातात. म्हणून आठवडाभर पूर्ण चित्र काढूच नकोस, फक्त पुढचं कर.

पहिली चूक बैठकीची. तू बोर्ड मांडीवर आडवा ठेवतेस, हे चित्रावरूनच कळतं. आडव्या कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब असतो, म्हणून तो आखूड दिसतो आणि हात नकळत तो भाग लांबवतो. उभा धरून पाहिला की तांब्याची मान ताणलेली दिसते. बोर्ड जवळजवळ उभा ठेव. खुर्चीच्या पाठीला टेकवलास तरी चालेल. वस्तूंची मांडणी जेवढी उंच, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर बस. त्याहून जवळ बसलीस, की वस्तू बघायला मान वर-खाली करावी लागते आणि दर वेळी वेगळीच वस्तू दिसते.

दुसरी चूक बुडाची. तांब्याचं तोंड तू छान लंबगोल काढतेस आणि बूड मात्र सरळ रेषेत. टेबलावर ठेवलेला तांब्या सरळ रेषेवर उभा आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून डोळ्याऐवजी डोकं काढतं. खरं पाहिलं तर जे वर्तुळ डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली, तितकं ते जास्त उघडं, जास्त गोल दिसतं. म्हणजे तोंडाच्या लंबगोलापेक्षा पोटाचा लंबगोल गोल आणि बुडाचा त्याहून गोल. बूड सपाट राहिलं की वस्तू तरंगते.

काढायची रीत अशी. आधी एक उभी रेघ, तांब्याचा कणा. ती कागदाच्या कडेला समांतर आहे ना, हे पट्टीने तपासून घे, सुरुवातीला त्यात लाज नाही. मग हात पूर्ण सरळ, एक डोळा मिटलेला, आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून तांब्याची रुंदी घे. तीच रुंदी उंचीत किती वेळा बसते ते पाहा. कोपर वाकलं की माप बदलतं, इथेच निम्मे विद्यार्थी चुकतात. मान कुठे, खांदा कुठे, पोट कुठे, बूड कुठे याच्या खुणा कण्यावर कर. प्रत्येक खुणेवर कण्याला काटकोनात आडवी रेघ काढून डावी-उजवीकडे सारखं अंतर टाक. मग लंबगोल. मागची बाजू दिसत नसली तरी पूर्ण फिरवून काढ, नंतर पुसता येते. लंबगोलाच्या टोकांना कोपरा नसतो. तिथे टोक आलं तर बूड होडीसारखं दिसतं.

बाह्यरेषा झाल्यावर कागद उलटा कर, नाहीतर आरशात बघ. कलणं लगेच दिसतं. छाया देण्याआधी डोळे अर्धवट मिटून पाहा. बारीक तपशील जातात आणि सगळ्यात गडद, सगळ्यात उजळ आणि मधलं एवढंच राहतं. पितळेची चकाकी शेवटी, तोवर तिच्या जागी कोरा कागद राखून ठेव. परीक्षेत एकूण वेळेचा चौथा भाग नुसत्या मांडणीला आणि मापाला दे. बाकीची मुलं तोवर रंगवू लागलेली असतील, त्यांच्याकडे बघू नकोस.

मोबाइलवर फोटो काढून त्यावरून सराव करत असशील तर थांबव. जवळून काढलेल्या फोटोत पुढची वस्तू फुगते आणि कडेच्या वस्तू बाहेर ओढल्या जातात. ते माप डोळ्यात बसलं की समोरची वस्तू चुकीची वाटू लागते.

उन्हाळ्यात जलरंगाचा वॉश (पातळ रंगाचा सलग हात) पूर्ण व्हायच्या आत सुकतो, आभाळात पट्टे उठतात. कागदही फुगतो. शिवाय सुकल्यावर गडद भागावर पांढुरकी झाक येते.
— पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, बीड

तीन तक्रारी, तीन कारणं.

पट्टे उठतात ते रंगाची ओली कड पुढचा कुंचला येण्याआधी सुकते म्हणून. बीडच्या मे महिन्यात दुपारी दोनला वॉश टाकणं ही कागदाशीच लढाई आहे. सकाळी सात ते नऊ ही वेळ धरा. खोलीत कूलर असेल तर त्याचा झोत कागदावर न घेता भिंतीकडे वळवा. हवेत ओल वाढते आणि सुकणं मंदावतं. पंखा बंद. आभाळाला लागेल त्याच्या दुप्पट रंग आधीच वाटीत कालवून ठेवा. पंधरा बाय बावीस इंचांच्या कागदाला निदान तीन-चार मोठे चमचे. मध्येच रंग संपला की पट्टा ठरलेलाच. बोर्डाची वरची कड दोन-अडीच इंच उचला, मोठा गोल कुंचला भरून घ्या आणि प्रत्येक आडव्या फटकाऱ्याच्या खाली साचलेला रंगाचा ओघळ पुढच्या फटकाऱ्याने खाली न्या. १०० मिली पाण्यात ग्लिसरीनचे पाच-सहा थेंब टाकले तर आणखी उसंत मिळते. त्याहून जास्त नको, नाहीतर चित्र चिकट राहतं आणि धूळ धरतं. आणि अर्धवट सुकलेल्या भागात परत कुंचला घालू नका. नवं पाणी जुन्या रंगाला कडेला ढकलतं आणि कोबीच्या पानासारखा डाग उठतो. तो मोडत नाही. पूर्ण सुकू द्या, मग वरून दुसरा थर द्या.

कागद फुगतो, कारण ओला झाल्यावर तो पसरतो आणि सुकताना सगळीकडे सारखा आकसत नाही. म्हणून तो आधीच ताणून घ्यायचा. ३०० जीएसएमचा कागद पाच ते आठ मिनिटं पाण्यात बुडवा, एका कोपऱ्याने धरून निथळवा आणि १२ मिमीच्या प्लायवर पसरा. चारही कडा दोन इंची तपकिरी कागदी गमटेपने चिकटवा. प्लास्टिकची चिकटपट्टी ओल्यावर धरत नाही. बोर्ड आडवा आणि सावलीत ठेवा. घाई करून उन्हात ठेवला तर कागद टेपपेक्षा आधी ताणतो आणि कड सुटते. रंगकाम संपून चित्र पूर्ण सुकेपर्यंत टेप काढू नका.

दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवरच्या कागजीपुऱ्याचा हातकागद आपल्याकडे सहज मिळतो आणि वापरलाही पाहिजे. पण सगळे ताव जलरंगासाठी बनवलेले नसतात. घेताना कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहा. थेंब मिनिटभर मण्यासारखा उभा राहिला तर कागदाला खळ पुरेशी आहे. टिपकागदासारखा लगेच शोषला गेला, तर तो ताव कोळशाला किंवा शाईच्या कोरड्या कुंचल्याला ठेवा. त्यावर वॉश पसरणार नाही, आत बुडेल.

पांढुरकी झाक बहुधा बोअरच्या पाण्याची. ज्या पाण्याने घरातल्या पातेल्याला पांढरा थर धरतो, त्याच पाण्यातले क्षार चित्रावर सुकतात. शिवाय जड पाण्यात बारीक रंगकण एकमेकांना धरून दाणेदार बसतात. दहा मिनिटं उकळून, रात्रभर निवत ठेवून वरचं पाणी ओतून घेतलं तर बराच फरक पडतो. त्यानेही झाक राहिली, तर क्षार उकळण्याने न जाणारे आहेत. मग फिल्टरचं आरओ पाणी घ्या. पावसाळ्यात पत्र्यावरचं पहिलं धुवण जाऊ देऊन धरलेलं पाणी चित्राला उत्तम. एक बाटली भरून ठेवली तर आठ-दहा चित्रं होतात.

तैलरंगासाठी घाण्यावरचं जवसाचं तेल चालेल का? आमच्याकडे ते घरचंच आहे. दुकानातली छोटी बाटली परवडत नाही. आणि मांजरपाटावर घरचा प्रायमर लावून काढलेल्या चित्राला सहा महिन्यांत तडे गेले.
— दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, जिल्हा नांदेड

तेल तेच आहे. चित्रकाराचं लिनसीड म्हणजे जवसच. फरक गाळणीचा. घाण्याच्या ताज्या तेलात चिकट गर असतो. तो तेलाला सावकाश सुकवतो आणि पुढे पिवळं पाडतो. तो काढता येतो. रुंद बाटलीत एक भाग तेल, एक भाग उकळून गार केलेलं पाणी आणि मूठभर स्वच्छ धुतलेली वाळू घालून पाच मिनिटं हलवा. दिवसभर ठेवा. तेल वर येतं, मध्ये गढूळ थर राहतो. वरचं तेल काढून घ्या. गढूळ थर दिसेनासा होईपर्यंत हेच करा, साधारण तीन ते पाच वेळा. मग काचेच्या उथळ भांड्यात, वर जाळीचं कापड बांधून, दोन-तीन आठवडे उन्हात ठेवा आणि रोज एकदा ढवळा. उन्हाने रंग उजळतो, तेल थोडं दाट होतं. काचेवर बोटाने तेलाचा पातळ थर फिरवून पाहा. उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांत हाताला कोरडं लागलं तर वापरा. दहा दिवसांनीही चिकटत असेल तर ते तेल चित्राला नको. चटणीसारखा भाजलेल्या जवसाचा वास येणारं तेल घेऊच नका. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेलही नको. त्यात सुकवणारी द्रव्यं असतात, वरची साय लवकर धरते, खालचं ओलंच राहतं आणि सुरकुत्या पडतात.

तड्यांचं कारण मात्र तेलात नाही, तळाशी आहे. तुम्ही लिहिलंत की सरसात खडूची पूड कालवून लावली. हा लेप लाकडी फळीवर उत्तम बसतो, पण कापड हवेप्रमाणे ढिलं-ताठ होतं आणि हा कडक थर त्याच्याबरोबर हलत नाही. आपल्याकडे जुलैची दमट हवा आणि मेचा कोरडेपणा यांत मोठं अंतर आहे, म्हणून सहा महिनेही पुरले. कापडाला ॲक्रिलिक जेसो (रंगाखाली लावायचा तयार पांढरा लेप) वापरा, तो लवचिक असतो. मांजरपाट आधी कोमट पाण्यात धुऊन खळ काढा, वाळवा, मग चौकटीवर ताणा. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक खिळा, तिथून समोरासमोर कोपऱ्यांकडे. एकाच बाजूने ठोकत गेलात की कापड तिरकं ओढलं जातं. पहिल्या हातात जेसोला चौथा हिस्सा पाणी, कापडात मुरेल असा. नंतरचे दोन हात जरा दाट, एक आडवा, एक उभा. मधे २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. शेवटच्या हातानंतर तीन दिवस थांबा.

थरांचा क्रम चुकला तरी तडे जातात. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि ते महिनोन्महिने चालतं. खाली तेलकट आणि वर पातळ थर दिला, तर वरचा आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, म्हणून वरचा फाटतो. पहिला थर रंगात फक्त टर्पेंटाइन घालून, दुसऱ्याला एक भाग तेल आणि तीन भाग टर्पेंटाइन, शेवटच्याला निम्मं-निम्मं. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश सुकतो, तो तळाच्या थरात भरू नका. तळाच्या रेखाटनाला बर्न्ट अंबर घ्या, तो लवकर सुकतो.

एक गोष्ट वसतिगृहातल्या सगळ्यांसाठी, आणि ही कृपा करून भिंतीवर लिहून लावा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं. बोळ्याच्या आत ती अडकते आणि काडी न लावता चिंधी पेट घेऊ शकते. आपल्या उन्हाळ्यात तर धोका जास्तच. चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइन उघडं असताना खिडकी उघडी हवी आणि शेगडी दुसऱ्या खोलीत.

अजिंठा आम्हाला जवळ आहे. तिथल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्राची नक्कल पोस्टर रंगात करतो, पण रंग तसा येत नाही. कितीही पिवळा घातला तरी खोटाच वाटतो.
— कला विद्यार्थी, सिल्लोड

पिवळा घालणं आधी बंद करा. तुम्ही पाहता त्यातला काही पिवळटपणा चित्रकाराचा नाहीच. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, १९२०च्या सुमारास, निजाम सरकारने इटलीहून जतनतज्ज्ञ आणले. सुटणारी चित्रं धरून ठेवण्यासाठी त्यांनी वापरलेला लाखेचा लेप पुढे पिवळा-तपकिरी पडला. तुम्ही त्या लेपाची नक्कल करत होता.

दुसरं, अजिंठ्याचं काम ओल्या चुन्यावरचं नाही. बेसाल्टच्या खडबडीत भिंतीवर तूस, वनस्पतींचे तंतू आणि खडीची कच घातलेली माती, त्यावर बारीक मातीचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या बांधणीतले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि निळ्यासाठी बाहेरून आणलेला लाजवर्द. एवढीच पेटी. तुमच्या पोस्टर रंगाच्या डबीतला झगझगीत लाल त्या भिंतीवर कधी नव्हताच.

म्हणून एकदा तळासकट करून पाहा. एक फुटाची शहाबादी फरशी घ्या, खडबडीत बाजू वर. माती निवडताना सांभाळा. शेतातली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, ती नको. माळवदावर टाकतात ती पांढरी माती चाळून दोन भाग, भाताचं तूस अर्धा भाग, पाण्यात चार दिवस मुरवा. फरशी ओली करून बोटाच्या अर्ध्या जाडीचा थर द्या, सावलीत चार दिवस वाळवा. बारीक भेगा पडल्या तर ओल्या हाताने बुजवा. मग कापडातून चाळलेल्या मातीचा दोन मिलिमीटरचा थर, तो दगडाने घोटून घ्या. वर निवळीसारखा पातळ चुना. वाळल्यावर गेरूने बाह्यरेषा, मग रंग, शेवटी पुन्हा गडद रेषा. बांधणीला बाभळीचा डिंक, एक भाग डिंक तीन भाग पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला. वाळलेल्या रंगावर बोट फिरवलं आणि पूड हाताला आली, तर डिंक कमी. रंगाची पापुद्री उचलली, तर जास्त. लाजवर्दाऐवजी अल्ट्रामरीनची पूड घ्या, रासायनिकदृष्ट्या त्याचा रंगकण तोच.

लेण्यात गेल्यावर रंगवू नका, रेषा बघा. पद्मपाणीच्या भुवईची रेषा एका दमात कुठे जाड होते, कुठे बारीक, एवढंच वहीत पंचवीस वेळा काढा. ज. जी.चे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात वर्षानुवर्षं प्रती केल्या, चित्रकार नंदलाल बोस ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर त्याच कामाला आले. शिकण्यासाठी एवढ्या लांबून लोक आले, तुम्हाला तर सिल्लोडहून एसटी आहे. सोमवारी अजिंठा बंद असतो.

व्यक्तिचित्रात चेहरा मळकट होतो. कातडीच्या रंगाची तयार ट्यूब वापरतो आणि सावलीत काळा मिसळतो.
— एक वाचक, लातूर

दोन्ही सोडा. ती गुलाबट ट्यूब आपल्या माणसांच्या वर्णाची नाही, आणि काळा तिच्यात पडला की राखाडीच होतो. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (निळा) आणि पांढरा एवढ्यावर सगळे चेहरे होतात. सावळ्या चेहऱ्याला सिएना आणि अल्ट्रामरीन हा पाया. सावली उबदार ठेवा, म्हणजे सिएना जास्त. कपाळावर आणि गालाच्या हाडावर उघड्या आभाळाचा उजेड पडतो, तिथे पांढऱ्यात कणभर निळा. उन्हात रापलेल्या चेहऱ्याचं तेज याच निळसर चकाकीत असतं, पिवळ्यात नाही.

कोळशाच्या कांड्या घरी करता येतात का?
— एक विद्यार्थी, हिंगोली

येतात, तुराट्यांच्या. सरळ, पेन्सिलीएवढ्या जाड निवडा, साल काढा, सहा इंचांचे तुकडे करा. पत्र्याच्या डब्यात गच्च भरा. मोकळी जागा राहिली की आतल्या हवेने राख होते. झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडा आणि डबा चुलीतल्या निखाऱ्यात ठेवा. भोकातून धूर येतो, तो पूर्ण थांबला की डबा बाहेर काढा आणि भोक ओल्या मातीने लगेच बुजवा. थंड होईपर्यंत उघडू नका, आत हवा मिळाली की कांड्या पेटतात. कांडी तपकिरी उमटली तर कच्ची राहिली, तिला परत डब्यात घालून तापवा. रेखाटन टिकवायला १०० मिली स्पिरिटमध्ये दोन ग्रॅम चपडी लाख रात्रभर विरघळवून गाळा आणि दीड हात अंतरावरून दोनदा पातळ फवारा. जवळून फवारलं तर थेंब ओघळतात आणि कोळसा वाहतो.